शून्याचे दोन अर्थ

गरिबाच्या पिठामिठावर कर नसावा, ही मागणी जुनी आहे. १९३० साली गांधीजी मिठासाठी दांडीला चालत गेले. मीठकर उठला तो १९४७ साली. पण कर उठला म्हणजे ओझे सगळे उतरलेच, असे नव्हे.

ब्रिटनमध्ये १ एप्रिल १९७३ रोजी मूल्यवर्धित कर सुरू झाला. सर्वसाधारण दर १० टक्के. परंतु बहुतेक अन्नपदार्थ, पुस्तके व मुलांचे कपडे यांवर शून्य. शून्य म्हणजे गिऱ्हाइकाकडून काही घ्यायचे नाही, आणि व्यापाऱ्याने आधी भरलेला कर सरकारने त्याला परत द्यायचा.

आपल्याकडे १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, तेव्हा सॅनिटरी नॅपकिनवर १२ टक्के कर बसला. स्त्रियांनी आवाज उठवला, कोर्टात अर्ज गेले, आणि जुलै २०१८ मध्ये तो उठला. मात्र ही करमाफी होती, शून्य दर नव्हे. करमाफ मालाच्या कारखानदाराला कच्च्या मालावरचा कर परत मिळत नाही; तो किमतीत दडून राहतो. आपल्या कायद्यातला खरा शून्य दर मुख्यतः निर्यातीला. म्हणजे परदेशच्या गिऱ्हाइकाला पुरते शून्य, घरच्या बाईला अर्धेमुर्धे!

मी शाळेत फारसा शिकलो नाही. हिशेब शिकलो तो कामगारांच्या पगारपत्रकातला कपातीचा रकाना वाचून. तोच धडा इथे लागू आहे. शून्य ऐकून टाळ्या पिटण्याआधी विचारा : मागल्या पायऱ्यांवरचा कर अखेर कोणाच्या खिशातून गेला?