काचेचा मोतीबिंदू : जुन्या गाड्यांच्या समोरच्या काचेचा इतिहास

१/ मांजरसुंबा. बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगररांगेवरचे गाव. धुळे–सोलापूर महामार्ग येथे नगरहून केज-अंबाजोगाईकडे जाणाऱ्या रस्त्याला छेदतो. सायंकाळी येथून नगरच्या दिशेने निघालेल्या चालकासमोर मावळता सूर्य असतो. अशा वेळी समोरची काच धुरकट असेल, तर रस्ता दिसेनासा होतो. ही काच धुरकट का होते, याला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

२/ आरंभीच्या मोटारींना साधी, खिडकीची काच असे. अपघातात तिचे सुऱ्यासारखे तुकडे होत आणि प्रवाशांचे चेहरे, गळे चिरले जात. वाऱ्याधुळीपासून रक्षण करणारी वस्तूच जिवावर उठत होती.

३/ १९०३ मध्ये फ्रेंच रसायनतज्ज्ञ एदुआर बेनेदिक्तुस यांच्या हातून एक चंबू पडला, असे सांगितले जाते. तो तडकला, पण विखुरला नाही. आत सेल्युलोज नायट्रेटचा वाळलेला थर होता आणि त्याने तुकडे धरून ठेवले होते. पुढे दोन काचांमध्ये सेल्युलॉइडचा पापुद्रा बसवण्याचे पेटंट त्यांनी १९०९ मध्ये घेतले. या काचेचे नाव ‘ट्रिप्लेक्स’, म्हणजे तिहेरी.

४/ मोटार कारखानदारांनी खर्चापायी प्रथम पाठ फिरवली. पहिल्या महायुद्धात मात्र विषारी वायूपासून वाचवणाऱ्या मुखवट्यांच्या डोळ्यांसाठी ही काच वापरली गेली. १९२७ च्या अखेरीस आलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल ए’ला समोर सुरक्षा काच होती.

५/ परंतु सेल्युलॉइडला ऊन सोसत नसे. काही वर्षांतच ते पिवळे, मग तपकिरी पडे. जीव वाचवणारी काच हळूहळू आंधळी होई. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात पॉलिव्हिनिल ब्युटिरल हा चिवट, पारदर्शक थर आला आणि पिवळेपणाचा प्रश्न बराचसा सुटला. आजही समोरच्या काचेत तोच असतो.

६/ याच काळात दख्खनमध्ये मोटारबस रुळत होती. निजाम स्टेट रेल्वेने १९३२ मध्ये २७ बसगाड्यांनिशी रस्ते वाहतूक सुरू केली. १ जून १९४८ रोजी पहिली एसटी पुण्याहून नगरला धावली. तेव्हा नगरच्या पूर्वेचा बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता. आज मांजरसुंब्याला एकत्र येणारे रस्ते त्या वेळी दोन राजवटींत विभागलेले होते.

७/ त्या पिढीतील बस, मालमोटारी, तंबू आणि यंत्रे घेऊन जत्रोजत्री हिंडणारे फिरत्या चित्रपटगृहांचे ट्रक ही अनेकांची चाकांवरची घरेच होती. त्यांपैकी जी वाहने उरली आहेत, त्यांच्या काचा म्हाताऱ्या झाल्या आहेत. नवा थर पिवळा पडत नसला, तरी पाण्यापुढे हार मानतो. जुने रबर तडकते, कडेने ओल शिरते, थर ती शोषून दुधाळ होतो आणि काचेपासून सुटू लागतो. कडेकडून मध्याकडे सरकणारा पांढरा डाग म्हणजे काचेचा मोतीबिंदूच.

८/ उपाय करण्यापूर्वी दोष कोठे आहे ते ओळखावे लागते. आतून साचलेला तेलकट थर धुतल्याने जातो. वायपरचे बारीक ओरखडे सिरियम ऑक्साइडने घासून कमी करता येतात; मात्र जास्त घासल्यास काचेला खोलगटपणा येतो आणि समोरचे दृश्य वेडेवाकडे दिसते. दोन काचांमधला पांढरेपणा मात्र कशानेही निघत नाही. तेथे हात पोहोचतच नाही.

९/ तेव्हा काच बदलणे एवढेच उरते. जुन्या गाड्यांचे एक सुदैव असे, की त्यांच्या समोरच्या काचा बहुधा सपाट, दोन भागांच्या असत. जुन्या काचेवरून कागदी नमुना काढून नवी लॅमिनेटेड काच कापून घेता येते. नवे रबर बसवून कडा ओलीपासून जपल्या, तर ती दीर्घकाळ टिकते.

१०/ पण इतिहासाच्या दृष्टीने पेच येथेच आहे. जुन्या काचेच्या कोपऱ्यात कोरलेले निर्मात्याचे चिन्ह हा पुरावा असतो. ती भंगारात गेली, की गाडीच्या जन्मकथेतील एक पान जाते. उलट ‘अस्सल’पणाच्या हट्टापायी तीच काच ठेवून रात्री घाट उतरणे म्हणजे समोरून येणाऱ्या दिव्यांच्या झोतात डोळे मिटून चालणे. भारतीय मोटार वाहन नियमांनुसार समोरच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार जावा लागतो, तो याचसाठी.

११/ वाट मधली आहे. केवळ प्रदर्शनात उभ्या राहणाऱ्या गाडीची काच तशीच राहू द्यावी. रस्त्यावर धावणाऱ्या गाडीची बदलावी. जुनी मात्र चिन्हासह छायाचित्र काढून, मापे नोंदवून जपून ठेवावी. वस्तूचा इतिहास राखायचा, पण त्याची किंमत रस्त्यावरच्या माणसाने मोजू नये. शेवटी ही काच जन्माला आली होती ती माणूस वाचवण्यासाठीच.