पोलिसांनी नेलेल्या माणसाच्या जिवाची जबाबदारी कुणाची? पहिल्या २४ तासांत घरच्यांनी काय बघायचं

बोनकोडे : "तुमच्या पोराला पोलीस घेऊन गेले" एवढाच निरोप घरी येतो आणि रात्रभर धावपळ सुरू होते. कुठलं स्टेशन, कुठला गुन्हा, काही कळत नाही. घरचे आधी ओळखीचा पुढारी गाठतात. कायद्याचं नंतर बघू म्हणतात आणि तिथंच महत्त्वाचा वेळ जातो.

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम ५६ नुसार आरोपी ज्याच्या ताब्यात आहे, त्यानेच त्याच्या तब्येतीची आणि सुरक्षेची वाजवी काळजी घ्यायची. गुन्हा चोरीचा असो की खुनाचा, कलम तेच.

काळजी घेतली नाही तर काय होतं, ते परभणीत दिसलं. डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, बंदला हिंसक वळण लागलं आणि धरपकड झाली. त्यात कायद्याचं शिक्षण घेणारा सोमनाथ सूर्यवंशी होता. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना तो गेला. मारहाण झाली नाही, आजार होता, असं सरकारकडून सांगितलं गेलं. शवविच्छेदनात मात्र अंगावरच्या अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण आलं. आईने उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात दाद मागितली. ४ जुलै २०२५ ला गुन्हा नोंदवण्याचा आदेश झाला, त्याविरुद्ध सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ३० जुलैला तिथंही आदेश कायम राहिला. नुसता गुन्हा नोंदवून घ्यायला एका आईचे साडेसात महिने गेले. दोषी कोण, ते त्याच्या पुढचं.

दुसरं उदाहरण इथून जवळचं. बदलापूर प्रकरणातल्या आरोपीला २३ सप्टेंबर २०२४ रोजी तळोजा कारागृहातून नेत असताना मुंब्रा बायपासजवळ पोलिसांच्या गाडीतच गोळी लागली आणि तो मेला. स्वसंरक्षणात गोळी झाडली, असं पोलिसांचं म्हणणं. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालात पाच पोलिसांवर ठपका ठेवला गेला. आरोप किळसवाणा होता, त्यामुळे अनेकांना आनंदही झाला. पण त्या लहान मुलींच्या खटल्यात त्याच्याविरुद्ध निकाल आता कधीच लागणार नाही, हे कुणी बोलत नाही.

म्हणून स्टेशनला गेल्यावर पहिला प्रश्न : अटक केलीय की नुसती चौकशी? अटक असेल तर कारण लेखी मिळालं पाहिजे, आणि तेही त्या माणसाला समजेल अशा भाषेत. मुंबईतल्याच एका प्रकरणात ६ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हे कारण उशिरात उशिरा रिमांडच्या दोन तास आधी हातात पडायला हवं. नातेवाइकाला कळवणं हेही पोलिसांचंच काम. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करायचं. कोपरखैरणे ते बेलापूर कोर्ट किती लांब, ते इथल्या लोकांना सांगायला नको.

सगळ्यात महत्त्वाचा कागद मेडिकलचा. अटकेनंतर सरकारी डॉक्टरने तपासायचं, अंगावर मार असेल तर तो अंदाजे कधीचा तेही लिहायचं, आणि अहवालाची प्रत आरोपीला किंवा तो सांगेल त्या माणसाला द्यायची. ही प्रत फारसं कुणी मागत नाही. मागा. कोठडी वाढली तर दर ४८ तासांनी पुन्हा तपासणी व्हायला हवी, असं १९९६ च्या डी. के. बसू निकालात आहे. मारहाण झाली असेल तर कोर्टात उभं केल्यावर आरोपीने स्वतः तोंडाने सांगायचं. बरेच जण भीतीने गप्प राहतात.

स्टेशनमधल्या कॅमेऱ्यांचं चित्रीकरण १८ महिने आणि काहीच जमत नसेल तर किमान वर्षभर ठेवावं, असा २ डिसेंबर २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे. ते जपून ठेवा असा लेखी अर्ज लगेच द्यावा आणि पोच घ्यावी. तोंडी विनंतीचा पुरावा राहत नाही.

कोठडीत मृत्यू झालाच तर पोलिसांच्या तपासाशिवाय दंडाधिकाऱ्यांची वेगळी चौकशी कलम १९६ नुसार सक्तीची आहे आणि तिथं नातेवाइकांना हजर राहता येतं. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा नंबर आहे. मानवी हक्क आयोगाकडे तक्रार घटनेपासून एका वर्षाच्या आत करावी लागते.