छत्तिसावे दालन कोणासाठी?

हाणामारीचा सिनेमा म्हणून आपण ज्याला बाजूला सारतो, त्या एका चित्रपटाबद्दल आम्ही आज लिहितो आहोत. कारण त्यातला प्रश्न आपलाच आहे.

'द थर्टी सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन' हा हाँगकाँगचा चित्रपट १९७८ चा. दिग्दर्शक लाऊ कार-लेउंग, नायक गॉर्डन लिऊ. मांचू सत्तेच्या जुलमातून जीव वाचवून पळालेला तरुण शाओलिनच्या बौद्ध विहारात येतो. तिथल्या पस्तीस दालनांत वर्षानुवर्षे घाम गाळून युद्धकला शिकतो. त्याला हव्या त्या दालनाचे प्रमुखपद देऊ केले जाते. तो मात्र छत्तिसावे दालन मागतो, विहाराबाहेरच्या सामान्य माणसांना शिकवण्यासाठी!

न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय तरुणांनी हा चित्रपट आपला मानला. 'वू-टँग क्लॅन' या रॅप गटाने १९९३ च्या आपल्या पहिल्याच अल्बमच्या नावात ही ३६ दालने घेतली. मग बुद्धाच्या लेण्यांच्या सावलीत राहणाऱ्या जुन्नर-आंबेगावच्या बहुजन तरुणांनी तो कसा पाहावा?

त्यासाठी आधी जुन्नरचे शिलालेख वाचावेत. धान्याचा व्यापार करणाऱ्यांच्या श्रेणीने इथे सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिले. चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेव ठेवल्याचीही नोंद आहे. म्हणजे बांबू सोलणारा हात तेव्हा ठेव सांभाळण्याइतका विश्वासाचा होता. तेच काम करणारा बुरूड समाज आज अनुसूचित जातींच्या यादीत आहे. मधल्या काळात काय घडले, कोणी घडवले? लेण्याद्रीला अष्टविनायकाच्या दर्शनाला पायऱ्या चढणाऱ्या किती जणांना ठाऊक असते, की आपण एका बौद्ध विहारात उभे आहोत?

जातिव्यवस्थेने शस्त्र आणि शास्त्र, दोन्हींना कुलूप घातले. ते तोडण्याचे काम आपल्याच जिल्ह्यात झाले. मातंग समाजातल्या लहुजी वस्ताद साळवे यांनी पुण्यात तालीम चालवली. जोतीराव फुले त्यांच्याकडे दांडपट्टा आणि निशाणबाजी शिकले. पुढे जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवेने १८५५ मध्ये मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहून धर्माच्या ठेकेदारांना जाब विचारला. तालमीत ज्याने शिकवले तो मातंग, आणि शाळेत जी शिकली तीही मातंग. आपल्या इतिहासातले छत्तिसावे दालन ते हेच.

आता प्रश्न आपल्या चळवळीला. गावोगावी आपण वर्गणी काढून विहार बांधले. त्यातले किती विहार जयंती आणि वंदना सोडून एरवी बंद असतात? तिथे संध्याकाळी अभ्यासिका का नको? मुलींसाठी लाठी-कराटेचा वर्ग का नको? आणि तो वर्ग फक्त आपल्याच वस्तीपुरता न ठेवता बुरूड, मातंग, महादेव कोळी, ठाकर अशा सगळ्यांच्या लेकरांना खुला का नको?

विहाराची किल्ली ज्यांच्याकडे आहे, त्यांनी याचे उत्तर द्यावे.

जय भीम!