पंचहौदाचे संन्यासी

पंचहौद म्हटलं की पुण्याच्या इतिहासात रमणाऱ्याला चहा आठवतो. १८९० साली गुरुवार पेठेतल्या या मिशनमध्ये रानडे, टिळक आणि आणखी बरीच प्रतिष्ठित मंडळी जमली, चहा-बिस्किटं पुढे आली, गोपाळराव जोशींनी ही गोष्ट नावानिशी वर्तमानपत्रात आणली आणि मग ग्रामण्य, शंकराचार्यांचं कमिशन, प्रायश्चित्तं असं सगळं रामायण घडलं. कप कोणी तोंडाला लावला आणि कोणी नुसता हातात धरला, यावर आजवर भरपूर लिहून झालं आहे. त्या आवाराचे यजमान कोण होते, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही.

त्या काळी पंचहौद चालवत होते ते पायघोळ काळा झगा घालणारे, ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रतं घेतलेले इंग्रज. शेजारी तशीच व्रतं घेतलेल्या भगिनी राहत. दिवसातून ठरल्या वेळी स्तोत्रं म्हणायची, जेवताना मौन पाळायचं, पापांची कबुली पाळकाच्या कानात द्यायची, हा सगळा शिरस्ता कॅथलिक मठातला. माणसं मात्र प्रॉटेस्टंट. निदान रोमचा पोप त्यांना प्रॉटेस्टंटच समजत होता.

मी नगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या घरातली. आमच्या देवळात कोरी भिंत, लाकडी व्यासपीठ आणि त्यावर उघडं बायबल, एवढाच थाट. लग्न होऊन पंचहौदाच्या मंडळीत आले तेव्हा पहिल्याच रविवारी धुपाच्या वासाने ठसका लागला. सासूबाई वेदीसमोर गुडघा टेकून मग बाकावर बसत. माझे बाबा पुण्याला आले की उपासनेहून परतताना न चुकता म्हणायचे, “हे रोमी प्रकरण आहे.” त्यावर सासूबाईंचं उत्तर ठरलेलं, “अहो व्याही, गुडघे काय फक्त पोपाला दिलेत देवाने?” दोघंही मनापासून बोलत. त्या बोलण्यामागे चारशेहून अधिक वर्षांचं भांडण होतं, हे मला पुढे वाचायला लागल्यावर उमगलं.

प्रॉटेस्टंट पंथाचा आरंभच मुळी मठ सोडण्यापासून झाला. मार्टिन ल्यूथर स्वतः ऑगस्टिनियन संन्यासी होता. १५२५ साली त्याने मठातून बाहेर पडलेल्या काथारिना फॉन बोराशी लग्न केलं. इंग्लंडात आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० या चार वर्षांत आठशेच्या आसपास मठ बंद केले आणि त्यांच्या जमिनी सरकारजमा केल्या. त्यानंतर तीनशे वर्षं इंग्रज माणसाच्या मनात संन्यासी म्हणजे आळशी नाही तर लबाड, असं पक्कं बसलं. संसारात राहून, कष्ट करून देवाची सेवा करावी, ही शिकवण खरोखर मोठी होती. पण सगळं सोडून देवापाशी बसावं असं ज्याला आतून वाटे, त्याला त्या धर्मात जागाच उरली नाही. ही उणीव मोठी होती, असं मला प्रॉटेस्टंट म्हणूनच वाटतं.

१८३३ पासून ऑक्सफर्डमधल्या काही विद्वानांनी चर्चचा जुना वारसा उकरून काढायला सुरुवात केली, आणि ही भूक उघड झाली. १८४१ साली मेरियन ह्यूज या तरुणीने व्रत घेतलं. १८४८ साली वाँटेजच्या पाळकाने भगिनींचा संघ काढला. १८६६ च्या २७ डिसेंबरला, संत योहानाच्या सणाला, ऑक्सफर्डजवळच्या काउली गावात रिचर्ड बेन्सन आणि त्याच्या दोन सोबत्यांनी व्रतं घेतली. हेन्रीच्या काळानंतर इंग्लंडच्या चर्चमध्ये पुरुषांचा असा संघ टिकला तो पहिल्यांदाच. हे काउली फादर १८७४ मध्ये हिंदुस्थानात आले, आणि १८७७ मध्ये वाँटेजच्या भगिनी पुण्याला पोचल्या.

याच १८७४ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने उपासनेतल्या असल्या ‘रोमी’ प्रकारांना आवर घालणारा कायदा केला. पुढे त्या कायद्यापायी काही पाळक तुरुंगातही गेले. मेणबत्त्या, धूप आणि भरजरी वस्त्रं यांवरून माणसं तुरुंगात जातात, यावरूनच भीती किती खोल होती ते कळतं. भीती अगदी निराधारही नव्हती. ऑक्सफर्डच्या त्या विद्वानांतला न्यूमन १८४५ मध्ये रोमकडे गेला. वाँटेजच्या संघाची पहिली प्रमुख एलिझाबेथ लॉकहार्ट दोनच वर्षांत, १८५० मध्ये, कॅथलिक झाली. काउली फादरांपैकी मुंबईत काम केलेला ल्यूक रिव्हिंग्टन १८८८ मध्ये तिकडे गेला. घरचे म्हणायचे, तुम्ही रोमच्या वाटेवर आहात. रोम म्हणायचं, तुम्ही वाटेवरही नाही. १८९६ साली तेराव्या लिओ पोपने इंग्लंडच्या चर्चमधल्या दीक्षा मुळातच रद्दबातल ठरवल्या. पंचहौदात रोज वेदीशी उभ्या राहणाऱ्या त्या माणसांना हे वाचून काय वाटलं असेल? ज्यांच्या प्रार्थना त्यांनी मनापासून आपल्या केल्या, त्यांनीच सांगितलं की तुम्ही याजक नाहीच.

इथवरची गोष्ट इंग्रजांची. मराठी माणूस तीत शिरला की तिचा रंगच बदलतो.

नीळकंठशास्त्री गोरे चित्पावन घराण्यातले, काशीत वाढलेले पंडित. मिशनऱ्यांशी वाद घालता घालता १८४८ मध्ये त्यांनी जौनपूरला बाप्तिस्मा घेतला आणि ते नेहेम्या गोरे झाले. ‘षड्दर्शन दर्पण’ हा हिंदू दर्शनांचं खंडन करणारा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. पत्नी लवकर वारली. मुलगी लक्ष्मी, म्हणजे पुढे इंग्रजीत भक्तिगीतं लिहिणारी एलेन गोरे, मिशनरी कुटुंबात वाढली. आरंभी साध्या, कडक प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांच्या संगतीत राहिलेला हा माणूस वयाच्या पन्नाशीत, १८७६ मध्ये, काउलीच्या मठात उमेदवार म्हणून दाखल झाला. पुढची वर्षं संघाबरोबर काढली, पुण्यात राहून प्रार्थना समाजातल्या सुशिक्षितांशी वाद केले, पण अखेरची कायमची व्रतं कधी घेतली नाहीत. १८९५ मध्ये मुंबईत ते गेले तेव्हाही औपचारिक अर्थाने ते उमेदवारच होते.

गोऱ्यांना मठाची ओढ रोममुळे लागली नव्हती, असं मला वाटतं. काशीत वाढलेल्या माणसाला संन्यास म्हणजे काय हे बेन्सनने सांगायची गरज नव्हती. ख्रिस्ती होताना जे हातचं सुटलं असं त्यांना वाटत असणार, ते काउलीत पुन्हा सापडलं. इंग्रजांना ज्या गोष्टीत पोपाची सावली दिसत होती, तीत गोऱ्यांना आपलं घर दिसलं. आणि शेवटचं पाऊल अडलं तेही पोपाच्या भीतीने नव्हे. संशयाने त्यांची पाठ आयुष्यभर सोडली नाही. असा माणूस ‘आता कायमचं’ असं म्हणायला कचरतो, आणि मला त्यात कमीपणा दिसत नाही.

याच गोऱ्यांच्या लेखनाचा आधार पंडिता रमाबाईंना मिळाला. पुण्यातल्या भगिनींच्या ओळखीने रमाबाई १८८३ मध्ये वाँटेजला पोचल्या, कडेवर दोन वर्षांची मनोरमा. वैद्यकी शिकायची होती, पण कानांना कमी ऐकू येत असल्याने ते राहिलं. राहण्या-जेवण्याच्या मोबदल्यात हिंदुस्थानात जाणाऱ्या भगिनींना त्या मराठी शिकवत. लंडनच्या फुलहॅम भागात भगिनींनी चालवलेला आश्रम त्यांनी पाहिला. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांना या भगिनी मायेने जवळ घेत होत्या. आपल्याकडे अशा बायकांसाठी कोणी असं केलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं, ऐकलंही नव्हतं. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचं मन वळायला वादविवादापेक्षा त्या भगिनींचं काम अधिक कारणी लागलं, हे त्यांनी स्वतःच पुढे सांगितलं आहे.

आणि लगेच खटके उडू लागले. सिस्टर जेरल्डीन त्यांची धर्ममाता. तिची अपेक्षा अशी की शिष्येने आज्ञा पाळावी. रमाबाईंचे प्रश्न थांबेनात. त्रैक्याचा सिद्धांत शास्त्रात नेमका कुठे आहे? बिशपांचं म्हणणं देवाचं म्हणणं कशावरून? चेल्टनमच्या कॉलेजात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावं अशी गोष्ट निघाली, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी बजावलं की भटभिक्षुकांचं जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलं आहे, तसलंच दुसरं जोखड आपण चढवून घेणार नाही. गळ्यात घालायच्या क्रूसावर लॅटिन अक्षरं होती, त्यावरूनही वाद झाला. लॅटिन मला कळत नाही, लिहायचंच तर संस्कृत का नको, संस्कृत जेवढी ‘परधर्मी’ तेवढीच लॅटिनही होती, असा त्यांचा मुद्दा. जेरल्डीनला त्यात अहंकार दिसला.

हा पत्रव्यवहार जेरल्डीनने जपून ठेवला, आणि १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने अ. भि. शहांच्या संपादनाखाली तो छापला. मी तो वाचला तेव्हा दोघींसाठी जीव तुटला. जेरल्डीन दुष्ट नव्हती. व्रताने तिला आयुष्याचा आकार दिला होता, आणि तोच ती प्रेमाने रमाबाईंना देऊ पाहत होती. पण आज्ञापालन हे व्रत स्वतः निवडणं वेगळं आणि दुसऱ्यावर लादणं वेगळं. गोरी धर्ममाता आणि काळी शिष्या असताना तर ते फारच वेगळं. या भांडणात रमाबाई बरोबर होत्या, असं माझं स्वच्छ मत आहे. मात्र केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं तेव्हा त्यात टाकलेल्या बायकांसाठी ‘कृपासदन’ निघालं, त्याचं बीज फुलहॅमचं होतं. मठाची सेवा त्यांनी घेतली, मठाची सत्ता नाकारली.

पुढचा प्रयोग नगरहून सुरू झाला. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून संन्यास पत्करला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. १९१९ मध्ये ते गेले. त्यांचं चरित्र लिहिणारा इंग्रज मिशनरी जॅक विन्स्लो याने १९२२ मध्ये ‘ख्रिस्त प्रेम सेवा संघ’ काढला आणि काही वर्षांत तो पुण्याला आणला. खादी, जमिनीवर पंगत, ध्यान आणि मराठी भजन असा तो आश्रम होता. तिथे १९२७ मध्ये आलेला व्हेरियर एल्विन मध्ययुगीन कॅथलिक साधकांवर पुस्तकं लिहीत होता आणि गांधीजींकडे ओढला जात होता. संघातल्या शामराव हिवाळे या मराठी तरुणाबरोबर तो १९३२ च्या सुमारास मंडला जिल्ह्यात गोंडांमध्ये गेला. पुढे बिशपाशी बिनसून त्याने चर्चच सोडलं. संघातला दुसरा इंग्रज, आल्जी रॉबर्टसन, आजारपणामुळे मायदेशी परतला आणि तिथल्या फ्रान्सिस्कन बंधुसंघाच्या उभारणीत त्याने मोठा वाटा उचलला. काउलीहून पुण्याला आलेली वाट अशी पुण्याहून इंग्लंडला परत गेली.

२९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली, आणि बाबांची नगरची मंडळी आणि सासूबाईंचं पंचहौद कागदोपत्री एक झालं. दोनच वर्षांनी ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या शिवाजीनगरमधल्या, मधल्या काळात ओस पडलेल्या आश्रमात वाँटेजच्या भगिनी आणि कॅथलिक सेक्रेड हार्टच्या भगिनी एकत्र राहायला आल्या. कॅथलिकांतल्या वंदना माताजी मूळच्या पारशी, तर सारा ग्रँट इंग्लंडहून आलेल्या, शंकराचार्यांच्या वेदान्ताच्या अभ्यासक. उपनिषदांचं वाचन आणि ध्यान सोबत होई. प्रभुभोजनाच्या बाबतीत मात्र कॅथलिक चर्चचा नियम आजही आहे तसाच आहे. दोन्हीकडच्यांनी सर्रास एका वेदीवर भाकर घ्यायला परवानगी नाही.

या सगळ्या इतिहासाची एक बाजू फार लंगडी आहे. फादरांनी आणि भगिनींनी पत्रं लिहिली, अहवाल पाठवले, चरित्रं छापली. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या, त्यांच्या देवळात लग्नं लागलेल्या, धुपाची सवय झालेल्या किंवा कधीच न झालेल्या मराठी कुटुंबांचं म्हणणं आपल्याकडे जवळजवळ नाही. पंचहौदातल्या, नगरच्या, केडगावच्या जुन्या घरांत अजूनही उपासनेची पुस्तकं, पत्रं, मंडळीची दप्तरं, आजीच्या हातच्या वह्या असतील. त्या रद्दीत घालू नका. घरातल्या कोणाला वाचता येत नसतील तर मोडी-मराठी जाणणाऱ्या अभ्यासकाला दाखवा, आणि घरात ऐंशी-नव्वदीचं कोणी असेल तर त्यांचं बोलणं या महिन्यातच टिपून ठेवा.