न सुटलेले गहाण : अकोल्याच्या जुन्या शहरात जुन्या वस्तू शोधताना

१/ जुनी नाणी, घडणीचे दागिने, कोरीव अडकित्ते यांच्या शोधात सराफांच्या आणि सावकारांच्या दुकानांतून हिंडणारे इतिहासप्रेमी आता अकोल्याच्या जुन्या शहरातही भेटतात. वस्तू हाती येताच त्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘ही किती जुनी?’ आजचा धागा त्यापुढच्या प्रश्नाविषयी आहे: ही वस्तू या दुकानात आली कशी? या प्रश्नाचा माग काढताना वऱ्हाडचा दीडशे वर्षांचा आर्थिक इतिहास उलगडतो, आणि वऱ्हाडात गहाण पडलेली सर्वांत मोठी वस्तू कोणती होती तेही कळते.

२/ प्रथम जागा. मोर्णा नदीच्या पश्चिम तीरावर जुने शहर वसले आहे: तटबंदीचे अवशेष, वेशी, असदगड आणि ग्रामदैवत राजराजेश्वर. असदगडाचे नाव औरंगजेबाचा वजीर असद खान याच्यावरून आले. पूर्व तीरावर ताजनापेठ, आणि इंग्रजी अमलात कचेऱ्या व साहेबांचे बंगलेही त्याच बाजूस उभे राहिले. एका तीरावर पिढीजात पेढ्या आणि दुसऱ्या तीरावर दिवाणी न्यायालय, अशी कर्जव्यवहाराची दोन टोके नदीच्या दोन अंगांना होती.

३/ आता शब्द. वस्तू ठेवून पैसे घेणे म्हणजे गहाण किंवा तारण. कर्ज फेडून ती परत आणणे म्हणजे ‘सोडवणे’. मुदत टळली की गहाण ‘बुडते’. बुडालेला दागिना बहुधा ‘मोड’ म्हणून तोलला जातो: घडणावळ शून्य, जडावाच्या खड्यांचे व लाखेचे वजन वजा, कसोटीवर उतरेल त्या कसाच्या धातूचेच पैसे. ‘मोडीत काढणे’ हा आपल्या रोजच्या बोलण्यातला वाक्प्रचार घडवलेली वस्तू पुन्हा नुसता धातू होण्याची हीच प्रक्रिया सांगतो.

४/ गहाणाचे नियम आपल्याकडे फार जुने आहेत. याज्ञवल्क्यस्मृतीत गहाणास ‘आधि’ म्हटले आहे. त्यातील ‘गोप्य’ आधि नुसता सांभाळून ठेवायचा असतो, जसे दागिने. धनकोने तो वापरला तर त्याचा व्याजावरील हक्क जातो. ‘भोग्य’ आधीचे उत्पन्न धनको उपभोगतो, जसे शेत. कर्ज दुप्पट होऊनही न सोडवलेला आधि ऋणकोच्या हातून जातो. परंतु ज्याचे फळ धनको खातच असतो तो आधि असा बुडत नाही. हा शेवटचा नियम ध्यानात ठेवावा, पुढे तो लागणार आहे.

५/ मराठी मुलखात याला व्यवहारी रूपे मिळाली. ताबा न देता केलेले ते नजरगहाण. ‘मुदतीत फेड झाली तर गहाण, न झाली तर विक्री’ अशी अट असलेले ते गहाण-लहाण. व्याज मुद्दलापेक्षा अधिक वसूल करू नये, हा दामदुपटीचा संकेत. अट धनकोच्या बाजूने झुकलेली आणि संकेत ऋणकोच्या बाजूने. ऋणकोचे भवितव्य यांपैकी कशाचे पारडे जड ठरते यावर अवलंबून असे.

६/ आता सर्वांत मोठे गहाण. हैदराबादच्या निजामाला इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील ‘कंटिन्जंट’ नावाची फौज पोसावी लागे. तिचा पगार थकत गेला आणि कंपनी सरकारचे कर्ज लक्षावधी रुपयांवर पोहोचले. २१ मे १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूरचा दुआब हे प्रांत त्या खर्चासाठी कंपनीकडे सोपवले. तेव्हापासून वऱ्हाडचे सरकारी नाव ‘हैदराबादेकडून सोपवलेले जिल्हे’ असे झाले. सार्वभौमत्व निजामाचे, वसूल इंग्रजांचा.

७/ १८६० मध्ये नवा तह झाला. सुमारे पन्नास लाखांचे कर्ज माफ करण्यात आले, धाराशिव आणि रायचूरचा दुआब परत मिळाले, वऱ्हाड मात्र फौजेच्या खर्चासाठी इंग्रजांकडेच राहिले. शिवाय वऱ्हाडच्या जमाखर्चाचा हिशेब मागण्याचा हक्क निजामाने सोडला. कर्ज मिटले, तारण परत आले नाही आणि वही पाहण्याची मुभाही गेली. असा व्यवहार एखाद्या खेडेगावच्या सावकाराने केला असता, तर कोणत्याही पंचांपुढे त्याला उत्तर देणे जड गेले असते.

८/ दिवाण सर सालारजंग यांनी वऱ्हाड परत मिळावे म्हणून १८७० च्या दशकात जिवापाड प्रयत्न केले. ते व्यर्थ गेले. १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपयांच्या बदल्यात वऱ्हाड कायम पट्ट्याने इंग्रजांकडे गेले आणि १९०३ पासून त्याचा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला. १९३६ च्या करारानंतर निजामाच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब तेवढा मिळाला. याज्ञवल्क्याच्या भाषेत सांगायचे तर हा फळ खाल्ला जाणारा आधि होता. तो बुडाला कधीच नाही आणि सुटलाही कधी नाही.

९/ या गहाण प्रांतात घरोघरचे गहाण वाढले ते कापसामुळे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस अडला आणि वऱ्हाडी कापसाला सोन्याचे दिवस आले. याच दशकात रेल्वे अकोल्यावरून पुढे जाऊन १८६७ मध्ये नागपुरास पोहोचली. खातेदाराच्या नावावर बसवलेली जमीन आता विकता येई, म्हणून गहाणही ठेवता येई. पत वाढली, आणि पतीच्या पाठोपाठ कर्जही वाढले.

१०/ शेतकऱ्याची बचत कोठे साठे? बँक खेड्यापर्यंत पोहोचली नव्हती आणि सहकारी पतसंस्थांचा कायदाच मुळी १९०४ चा. बचत अंगावर असे: सरी, गोठ, तोडे, वाळे, पुतळ्यांची माळ, कडी लावून ओवलेले चांदीचे रुपये. पेरणीला बियाणे हवे की दागिना सावकाराकडे जाई, कापूस विकला की घरी येई. सावकार सर्वच जातींत होते, सधन पाटीलही त्यांत होते. अडल्या वेळी रोख देणारा दुसरा कोणी नव्हता, हे त्यांच्या बळाचे खरे कारण होते.

११/ या व्यवस्थेचा पाया १८९३ मध्ये हलला. तोवर कोणीही चांदी टांकसाळीत नेऊन तिचे रुपये पाडून घेऊ शकत असे. त्यामुळे रुपयाभार चांदीचा दागिना जवळपास रुपयाच्या मोलाचा असे. १८९३ मध्ये सरकारने खासगी चांदीसाठी टांकसाळी बंद केल्या. रुपयाचे मोल कायद्याने टिकवले गेले आणि चांदीचा भाव घसरत गेला. शतक संपता संपता एका रुपयातील चांदी बाजारात अंदाजे दहा-अकरा आण्यांची उरली. तोडे तेच आणि वजनही तेच, पण त्यांवर मिळणारे कर्ज तिसऱ्या हिश्श्याने घटले.

१२/ आणि नेमके त्यानंतर १८९९-१९०० चा दुष्काळ आला, लोकांच्या आठवणीतला ‘छप्पन्नाचा दुष्काळ’. वऱ्हाडची लोकसंख्या १८९१ मध्ये सुमारे २९ लाख होती, ती १९०१ च्या शिरगणतीत साडेसत्तावीस लाखांवर आली. ज्या वर्षी घरातील चांदी विकण्यावाचून गत्यंतर नव्हते, त्याच वर्षी तिला मोल नव्हते. त्या काळचे बुडालेले चांदीचे दागिने आज क्वचितच दिसतात. ते मुशीत गेले.

१३/ सोन्याची पाळी १९३१ मध्ये आली. जागतिक मंदीत कापसाचे भाव कोसळले होते. सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्लंडने सुवर्णपरिमाण सोडले आणि रुपयांत सोन्याचा भाव झपाट्याने चढला. कर्जात बुडालेला शेतकरी आणि चढता भाव यांची गाठ पडताच देशभरातील खेड्यांतून सोने निघाले. खेड्यातील सावकार, शहरातील सराफ, मुंबई आणि तेथून लंडन, असा त्याचा प्रवास होता. पुढील काही वर्षांत शेकडो कोटी रुपयांचे सोने देशाबाहेर गेले. पणजीच्या गळ्यातली वज्रटीक फक्त छायाचित्रात का उरली, याचे उत्तर अनेक घरांत येथे सापडेल.

१४/ उरलेल्या सोन्यावर सुवर्णनियंत्रणाची छाया पडली. जानेवारी १९६३ मध्ये १४ कॅरटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडवण्यास मनाई झाली. १९६८ मध्ये सुवर्णनियंत्रण कायदा आला, तो १९९० मध्ये रद्द झाला. मधल्या काळात असंख्य सोनारांचा रोजगार गेला. जुनी घडण ओळखणारे आणि तशीच पुन्हा घडवणारे हात कमी झाले, ही त्यातली कमी बोलली जाणारी हानी.

१५/ म्हणून आज जुन्या दुकानात काय शिल्लक दिसते? ज्याचे धातुमूल्य थोडे तेच अधिक: पितळी डबे, तांब्याचे घंगाळ, काशाच्या वाट्या, समया, अडकित्ते. सोन्यात वाचली असेल तर एखादी पुतळी. पुतळी मूळची व्हेनिसची डुकाट, साधारण साडेतीन ग्रॅमची. तिच्यावर संत मार्क आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला तेथील शासक. आपल्या सोनारांनी तिच्या नकला पाडल्या, त्यांतील अनेकींवरची अक्षरे निव्वळ आकार आहेत, अर्थ काही नाही. संग्राहकाला नकल दुय्यम वाटते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र ती अधिक बोलकी, कारण ती येथे घडली आहे.

१६/ सर्वांत उपेक्षित पुरावा भांड्यांवर असतो. आपल्याकडे भांड्यावर नाव घालण्याची रीत आहे: कोणाचे, कोणी दिले, कोणत्या प्रसंगी, कधी तारीखही. लग्नात मिळालेले पातेले दुकानाच्या फळीवर दिसते तेव्हा ठोकून काढलेल्या त्या ठिपक्यांच्या अक्षरांत एका घराचा कागद उरलेला असतो. विकण्यापूर्वी ते नाव घासून टाकतात. वस्तू त्यामुळे चकचकीत होते आणि मुकी होते.

१७/ या वस्तूंचे मोल वेळीच ओळखणारा माणूस म्हणजे पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०), ‘अज्ञातवासी’ या नावाने लिहिणारे कवी. १९२० च्या सुमारास त्यांनी संग्रह सुरू केला आणि पुढे देशभर हिंडून दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातील भांडी, दौती, वाद्ये जमवली. अकाली गेलेल्या मुलाच्या नावे उभारलेला तो संग्रह त्यांनी १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. सराफ ज्या वस्तूला ‘मोड’ म्हणून तोलत असे, तिला त्यांनी कारागिराची कृती म्हणून पाहिले. सोन्याच्या मागे न लागता रोजच्या वापरातील वस्तू गोळा करणे, हा त्यांचा विशेष.

१८/ शोधाला निघण्यापूर्वी कायदा ठाऊक हवा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षे जुनी कलावस्तू किंवा नाणे आणि ७५ वर्षे जुने ऐतिहासिक मोलाचे हस्तलिखित पुरावशेष ठरते. त्यांच्या व्यापाराला परवाना लागतो, खासगी व्यक्तीला ते परदेशी पाठवता येत नाहीत, आणि मूर्ती, लघुचित्रे, हस्तलिखिते यांसारख्या काही प्रकारांची नोंदणी करावी लागते. जमिनीत दहा रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे १८७८ पासून बंधनकारक आहे. मंदिरातून निघालेली मूर्ती स्वस्तात मिळत असेल तर तो योगायोग समजू नये.

१९/ माझ्यापुरती मी एक शिस्त ठरवली आहे. वस्तू हाती आली की तीन प्रश्न विचारावेत. ही कोणाला सोडवता आली नाही? कोणत्या साली? आणि ही वितळली का नाही? छायाचित्र घ्यावे, वजन व अक्षरे टिपावीत, घासूनपुसून काही करू नये. विकत घेणे ही शेवटची पायरी, अनेकदा तिची गरजही नसते. आणि दुकानात जुनी गहाणवही दिसली, तर तिच्यासमोर नाण्याचा मोह आवरावा. नाणी पुष्कळ उरली आहेत, वह्या रद्दीत जातात. मात्र वहीतील नावांची मुले-नातवंडे याच गावात राहतात, म्हणून आकडे अभ्यासावेत आणि नावे झाकावीत.

२०/ हा विषय केवळ भूतकाळाचा नाही. २०१४ मध्ये महाराष्ट्रात सावकारीचे नियमन करणारा नवा कायदा आला. मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करण्यास त्यात मनाई आहे, म्हणजे दामदुपटीचा जुना संकेत आजही जिवंत आहे. अवैध सावकारीत गेलेली स्थावर मालमत्ता परत मिळवण्याची वाटही त्यात ठेवली आहे. २०१५ मध्ये विदर्भ व मराठवाड्यातील शेतकऱ्यांची परवानाधारक सावकारांकडील कर्जे भरण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला. कापूस तोच, पेरणीची वेळ तीच, आणि जूनमध्ये पेढीवर ठेवलेली पोतही तीच.

२१/ म्हणून मित्रहो, अकोल्यात, अमरावतीत किंवा तुमच्या गावच्या सराफ्यात शोधाला जाल तेव्हा काचेच्या कपाटापुढे उभे असताना शेजारच्या बाकावरही लक्ष असू द्या. तेथे कोणीतरी रुमालात बांधलेली वस्तू घेऊन बसलेले असते. तुम्ही शंभर वर्षांपूर्वीचा जो व्यवहार शोधत आहात, तो त्या बाकावर आज घडत असतो. त्या माणसाचे काम आधी होऊ द्यावे, आपला अडकित्ता नंतर पाहावा.

तुमच्या घरी नाव घातलेले जुने भांडे असेल, तर त्यावरचे साल आणि प्रसंग खाली जरूर लिहा. नावे नकोत. (धागा समाप्त)