संपर्कसाधने आणि पिढ्यांतील अंतर (भारत)

संपर्कसाधने आणि पिढ्यांतील अंतर हा समाजशास्त्र व माध्यम-अभ्यास या शाखांतील एक विषय आहे. वाढत्या वयात कोणते संपर्कसाधन हाताशी होते आणि त्यावर घरात कोणाचा ताबा होता, याचा माणसाच्या संवादाच्या सवयींवर होणारा परिणाम या विषयात अभ्यासला जातो. भारतात दूरध्वनी बहुसंख्य घरांत पोहोचण्यापूर्वीच भ्रमणध्वनी आला. त्यामुळे पत्रलेखनाच्या काळात वाढलेली आणि स्मार्टफोनसोबत वाढलेली माणसे अनेक कुटुंबांत एकत्र राहतात.

संकल्पना

समाजशास्त्रज्ञ कार्ल मानहाइम यांनी १९२८ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात असे मांडले की, पिढी केवळ जन्मसालाने ठरत नाही. तरुण वयातील समान अनुभवांनी ती घडते. मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीड यांनी १९७० मध्ये संस्कृतीचे तीन प्रकार सांगितले : ज्यात मुले वडीलधाऱ्यांकडून शिकतात, ज्यात समवयस्क एकमेकांकडून शिकतात आणि ज्यात वडीलधारेही मुलांकडून शिकतात. २००१ मध्ये मार्क प्रेन्स्की यांनी संगणकयुगात वाढलेल्यांना ‘डिजिटल नेटिव्ह’ आणि ते तंत्र नंतर शिकलेल्यांना ‘डिजिटल इमिग्रंट’ असे संबोधले.

पत्र आणि तार

भारतात पोस्टकार्ड १८७९ मध्ये सुरू झाले. त्याची किंमत पाव आणा होती. टपाल खात्याची मनीऑर्डर १८८० पासून मिळू लागली. मुंबईच्या गिरण्यांत काम करणारे कोकणातील चाकरमानी मनीऑर्डरने घरखर्च पाठवीत आणि तिच्या फॉर्मवरील मोकळ्या जागेत चार ओळींची खुशालीही कळवीत. घरात वाचणारे कोणी नसल्यास पोस्टमन किंवा शाळेत जाणारे मूल तो मजकूर वाचून दाखवी. उघडे कार्ड कोणालाही वाचता येत असल्याने त्यातील मजकूर सर्व कुटुंबाचा मानला जाई. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली पिनकोड पद्धत टपाल खात्यातील अधिकारी व संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखली.

तारसेवा १८५५ मध्ये जनतेसाठी खुली झाली. शब्दांवर पैसे पडत असल्याने तार मोजक्या शब्दांत लिहिली जाई. अनेक घरांत तार म्हणजे अशुभ वार्ता असा समज असल्याने तारवाला दिसताच धास्ती वाटत असे. ही सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

घरातील दूरध्वनी

मुंबई, कोलकाता व चेन्नई येथे १८८२ मध्ये दूरध्वनी केंद्रे सुरू झाली. परगावी बोलण्यासाठी ट्रंक कॉल नोंदवून ताटकळावे लागे. थेट क्रमांक फिरवून परगावी बोलण्याची एसटीडी सोय १९६० मध्ये प्रथम कानपूर व लखनौ यांच्या दरम्यान सुरू झाली. दूरध्वनी नसलेली कुटुंबे शेजाऱ्यांचा क्रमांक ‘पी. पी.’ अशी खूण करून देत. रात्री दर कमी होत असल्याने एसटीडी बूथवर उशिरापर्यंत रांगा लागत.

घरातील यंत्र सहसा बैठकीच्या खोलीत असे. काही घरांत तबकडीला छोटे कुलूप लावले जाई. तरुणांचे बोलणे वडीलधाऱ्यांच्या कानावर पडे आणि त्यांना कोणाचा फोन येतो हे सर्वांना कळे.

भ्रमणध्वनी आणि आंतरजाल

भारतातील पहिले भ्रमणध्वनी संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला आंतरजाल सर्वसामान्यांसाठी खुले झाले. २००३ पासून येणारे कॉल निःशुल्क झाले. बिनखर्चाने ‘पोहोचलो’ असे कळविण्यासाठी ‘मिस्ड कॉल’ देण्याची पद्धतही रूढ झाली. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाल्याने स्मार्टफोनचा प्रसार वाढला. दूरध्वनी कुटुंबाचा होता, तर भ्रमणध्वनी बहुतांशी व्यक्तीचा झाला. मुलांच्या खासगीपणाविषयीचे घरातील अनेक वाद या बदलातून उद्भवतात.

सुरुवातीच्या अनेक हँडसेटवर देवनागरी टंकलेखनाची सोय नव्हती. त्यामुळे रोमन लिपीत मराठी लिहिण्याची सवय तरुणांमध्ये रुजली आणि ती देवनागरी कळफलक उपलब्ध झाल्यावरही काही प्रमाणात टिकली.

शिकण्याची उलटलेली दिशा

नवे साधन वापरण्यास नातवंडे शिकवितात आणि आजी-आजोबा शिकतात, हे आता सर्वत्र दिसते. मात्र ज्येष्ठांचे लहानांवर अवलंबून असणे नवे नाही. पत्र वाचून दाखविणारे मूलही मध्यस्थच होते. फरक जोखमीत आहे. पत्र वाचणाऱ्याच्या हाती केवळ मजकूर येई. आता मदत करणाऱ्याच्या हाती बँकेचा सांकेतिक शब्द आणि ओटीपी येतो. मदत करणारे कोणी नसेल, तर ज्येष्ठांना परक्यावर विसंबावे लागते आणि फसवणुकीचा धोका वाढतो. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे.

निवृत्तिवेतनधारकांना दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो ऑनलाइन देण्यासाठी ‘जीवन प्रमाण’ ही सोय २०१४ मध्ये सुरू झाली. ग्रामीण कुटुंबांसाठी २०१७ मध्ये आखलेल्या प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानात कुटुंबातील एकाच व्यक्तीस प्रवेश होता आणि वयोमर्यादा १४ ते ६० वर्षे होती. परिणामी साठी ओलांडलेल्यांना शिकविण्याचा भार मुख्यतः घरातील तरुणांवरच राहिला.

टीका

प्रेन्स्की यांच्या वर्गीकरणावर असा आक्षेप घेतला जातो की, केवळ वयावरून कौशल्य ठरत नाही. उत्पन्न, शिक्षण, लिंग आणि राहण्याचे ठिकाण हे घटकही तितकेच महत्त्वाचे असतात. २०२० मध्ये कोविड साथीमुळे शाळा बंद होऊन ऑनलाइन वर्ग सुरू झाले, तेव्हा अनेक घरांत एकच स्मार्टफोन भावंडांनी वाटून वापरला. ज्या घरात तोही नव्हता, तेथील मुलांचे शिक्षण खंडित झाले. एकाच पिढीतही साधनांच्या उपलब्धतेनुसार मोठे अंतर असू शकते, हे यातून स्पष्ट झाले.