आबासाहेब म्हणजे फक्त एसटीनं फिरणारे आमदार नव्हेत : गणपतराव देशमुख यांची कारकीर्द आणि प्रतिमा

सांगोला तालुक्यात 'आबासाहेब' म्हटलं की आडनाव सांगावं लागत नाही. शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) नेते भाई गणपतराव देशमुख यांचं ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात निधन झालं, तेव्हा ते ९४ वर्षांचे होते. पण अजूनही निवडणूक लागली, दुष्काळ पडला किंवा एखादा आमदार भारी गाडीतून उतरला की त्यांचं नाव निघतंच. मोबाईलवर त्यांचे फोटो फिरतात, खाली चार ओळी असतात. त्यातलं बरंचसं खरं असतं, काही वाढवून सांगितलेलं असतं आणि मुख्य ते बहुतेक वेळा राहूनच जातं. म्हणून ही माहिती एका जागी देत आहोत.

पेनूर ते सांगोला

आबासाहेबांचा जन्म १० ऑगस्ट १९२६ चा, मोहोळ तालुक्यातल्या पेनूर गावचा. म्हणजे सांगोला ही त्यांची जन्मभूमी नव्हे, हे नव्या पिढीतल्या अनेकांना माहीत नसतं. वकिलीचं शिक्षण घेऊन ते सांगोल्यात आले आणि इथलेच झाले. शेकाप तेव्हा तरुण पक्ष होता. १९४७ मध्ये केशवराव जेधे, शंकरराव मोरे वगैरे मंडळींनी काँग्रेसमधून बाजूला होऊन तो उभा केला आणि १९५० च्या दाभाडी प्रबंधात आपली मार्क्सवादी भूमिका लिहून ठेवली. पक्षाचा बावटा लाल, कार्यकर्ते एकमेकांना 'भाई' म्हणायचे. पुढच्या काही वर्षांत मोठमोठे नेते परत काँग्रेसमध्ये गेले. सत्ता तिकडं होती, हे उघडच आहे. गणपतराव गेले नाहीत. शेवटपर्यंत एकच पक्ष, एकच मतदारसंघ.

अकरा वेळा, पण सलग नव्हे

इथं एक दुरुस्ती करायला हवी. ते ११ वेळा आमदार झाले हे खरं, पण सलग नाही. पहिला विजय १९६२ चा, दुसरा १९६७ चा. १९७२ ला ते पडले. १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले आणि मग १९७८, १९८०, १९८५, १९९० अशा ओळीनं जिंकले. १९९५ ला काँग्रेसच्या शहाजीबापू पाटलांनी त्यांना हरवलं, तेही अवघ्या १९२ मतांनी. एवढ्या कमी फरकानं पडलेला ७० च्या जवळ आलेला माणूस घरी बसला असता, तर कुणी नावं ठेवली नसती. आबासाहेब बसले नाहीत. १९९९, २००४, २००९ आणि २०१४ असे चार विजय त्यांनी त्यानंतर मिळवले. २०१४ ला त्यांचं वय ८८ होतं.

सगळी मिळून आमदारकीची वर्षं पन्नासच्या वर जातात. 'देशात कुणीच एवढ्या वेळा निवडून आलं नाही' असं मात्र लिहू नये. केरळचे के. एम. मणी पाला या एकाच मतदारसंघातून याहून जास्त वेळा निवडून आले होते. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर ११ चा आकडा पुरेसा मोठा आहे, त्याला फुगवायची गरज नाही.

'कायम विरोधी बाकावर बसलेला माणूस' ही समजूतही अर्धीच बरोबर आहे. १९७८ च्या शरद पवारांच्या पुलोद सरकारात ते मंत्री होते आणि १९९९ च्या विलासराव देशमुखांच्या सरकारातही. पण दोन्ही मिळून ही वर्षं थोडी. बाकी सगळा काळ विरोधातच गेला.

पाण्याचं काय केलं?

सांगोला पर्जन्यछायेत येतो. माण नदी बऱ्याचदा कोरडीच. कृष्णेचं पाणी पश्चिमेला, भीमेचं उत्तरेला आणि मध्ये हा तालुका तहानलेला. त्यामुळं इथला आमदार कुठल्याही पक्षाचा असला तरी त्याला पहिला प्रश्न पाण्याचाच येतो.

१९७६ साली बच्छावत लवादानं कृष्णेच्या पाण्यातलं ५६० टीएमसी महाराष्ट्राच्या वाट्याला दिलं. ३१ मे २००० नंतर या वाटपाचा फेरविचार होऊ शकेल, अशी तरतूद त्यात होती. म्हणजे तोवर पाणी अडवून वापरलं नाही, तर पुढं हक्क सांगणं अवघड जाणार. धरणं, कालवे, उपसा योजना रखडलेल्या. नव्वदच्या दशकात वाळव्याचे क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर आणि गणपतराव देशमुख यांनी सांगली, सातारा, सोलापूर भागातल्या दुष्काळी तालुक्यांना एकत्र करून आटपाडीला पाणी परिषदा भरवल्या. मागणी साधी होती, पण पचायला जड होती. पाणी फक्त नदीकाठच्या ऊसवाल्याला नको, दुष्काळी गावातल्या प्रत्येक कुटुंबाला ठरावीक वाटा मिळाला पाहिजे. यालाच समन्यायी पाणीवाटप म्हणतात.

कराड तालुक्यातल्या टेंभूजवळ कृष्णेचं पाणी उचलून टप्प्याटप्प्यानं वर चढवत कडेगाव, खानापूर, आटपाडी करत सांगोल्यापर्यंत आणणारी टेंभू योजना १९९६ मध्ये सुरू झाली. पुरी व्हायला दशकं लागली. आज माण नदीवरचे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे टेंभूच्या पाण्यानं भरतात, तेव्हा पाण्याचं पूजन करायला सगळ्याच पक्षांचे लोक पोहोचतात. ही योजना एकट्या आबासाहेबांनी आणली म्हणणं बरोबर होणार नाही. नागनाथअण्णांची चळवळ, अनेक आमदार, वेगवेगळी सरकारं यांचा त्यात हात आहे. पण सभागृहात हा विषय वर्षानुवर्षं लावून धरणारा आणि बाहेर त्याच विषयावर मोर्च्यात बसणारा माणूस म्हणून त्यांचं नाव वगळता येत नाही. प्यायच्या पाण्यासाठी ८१ गावांची शिरभावी योजना आहे, तिचं नाव तालुक्यात वेगळं सांगायला नको.

सूतगिरणीची गोष्टही इथंच सांगायची. कापूस फारसा पिकत नाही अशा तालुक्यात त्यांनी शेतकरी सहकारी सूतगिरणी काढली. कापूस बाहेरून आणायचा, सूत इथं काढायचं, रोजगार इथल्या पोरांना. राज्यातल्या कितीतरी सूतगिरण्या कर्जात बुडून बंद पडल्या, सांगोल्याची चालत राहिली. डावा पक्ष आणि सहकारी संस्था हे जोडपं काहींना विचित्र वाटतं. पण साखरसम्राटांच्या जिल्ह्यात संस्थेशिवाय कार्यकर्ता टिकत नाही, हे आबासाहेबांनी ओळखलं होतं. टीकाकारही याच जागी बोट ठेवतात. संस्था, तिथल्या नोकऱ्या आणि गावोगावचे ठरलेले कार्यकर्ते, अशीच त्यांचीही व्यवस्था होती, असं ते म्हणतात. त्यात तथ्य नाही असं म्हणता येणार नाही. मतदारसंघात धनगर समाजाची मोठी संख्या आणि आबासाहेब त्याच समाजाचे, हाही हिशेब होता. मात्र १९७२ आणि १९९५ ला हाच हिशेब चुकला, म्हणजे फक्त तेवढ्यावर निवडून येता येत नव्हतं.

एसटीतलं आसन

आता प्रतिमेबद्दल. एसटीत आमदारांसाठी राखीव आसन असतं, तिथं रंगानं लिहिलेलं आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्यावर खरोखर बसणारा आमदार म्हणून लोक आबासाहेबांना ओळखायचे. साधे कपडे, साधं राहणं आणि इतक्या वर्षांत पैशाच्या भानगडीत नाव नाही. विधानसभेत ते बोलायला उभे राहिले की सत्ताधारीही ऐकायचे, कारण नियम आणि आकडे त्यांना पाठ असायचे.

पण फॉरवर्ड होणाऱ्या पोस्टमध्ये उरतं ते फक्त एसटीचं तिकीट. त्यात पाणी परिषद नसते, लाल बावटा नसतो, रोजगार हमीच्या मजुरांचे मोर्चे नसतात. साधेपणाचं कौतुक करायला कुठल्याच पक्षाला काही खर्च येत नाही. समन्यायी पाणीवाटपाचं कौतुक करायचं तर आपल्या वाट्याचं पाणी सोडावं लागतं. ऑगस्ट २०२३ मध्ये सांगोल्यात त्यांच्या पुतळ्याच्या अनावरणाला शरद पवार आणि देवेंद्र फडणवीस एकाच व्यासपीठावर होते. आयुष्यभर एका छोट्या पक्षात राहिलेल्या माणसाला हा मान मिळाला, याचा सांगोलकरांना आनंद झाला आणि तो रास्तच होता.

पक्षाचं मात्र तसं झालं नाही. २०१४ ला शेकापचे ३ आमदार होते, २०१९ ला १ उरला. नेता मोठा होत गेला आणि पक्ष आटत गेला. पुढची फळी वेळेत पुढं का आली नाही, हा प्रश्न त्यांच्या चाहत्यांनीही विचारायला हवा.

त्यांच्यानंतर

२०१९ ला वयामुळं ते उभे राहिले नाहीत. नातू डॉ. अनिकेत देशमुख लढले आणि शिवसेनेच्या शहाजीबापूंकडून ७६८ मतांनी पडले. हेच शहाजीबापू २०२२ मध्ये गुवाहाटीच्या 'काय झाडी, काय डोंगर'मुळं देशभर माहीत झाले. एकाच तालुक्यानं दोन टोकांची प्रसिद्धी पाहिली म्हणायची! २०२४ ला दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांनी ती जागा सुमारे २५ हजार मतांनी परत घेतली आणि विधानसभेत शेकापचा तेवढा एकच आमदार आहे. गावभेटीत त्यांनाही पहिला प्रश्न तोच येतो, टेंभूचं पाणी कधी सुटणार आणि ते शेवटच्या बंधाऱ्यापर्यंत पोहोचणार का?